केस न् केस आणि खाडीचा चिखल: प्राणीचित्र व डिजिटल अमूर्त चित्र नव्याने शिकणाऱ्यांसाठी

ऐरोलीत आमच्या घराच्या पश्चिमेच्या खिडकीतून ठाण्याची खाडी दिसते. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो, आणि हिवाळा सुरू झाल्यापासून मे महिन्यापर्यंत त्या चिखलावर गुलाबी ठिपके हलत असतात. २०१९ साली ते ठिपके कागदावर उतरवायला मी पहिल्यांदा बसले. शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा, एवढंच माझं चित्रकलेचं शिक्षण. दिवसा महाप्यात नोकरी, रात्री जेवणं आटोपली की चित्र.

आज मी दोन प्रकारची चित्रं काढते. एक, केस न् केस दिसणारी प्राण्यांची चित्रं. दुसरी, टॅब्लेटवरची अमूर्त चित्रं, म्हणजे ओळखीची वस्तू न दाखवता फक्त रंग, आकार आणि पोत मांडणारी. ही दोन टोकं एकाच माणसाकडे कशी, असं पुष्कळ जण विचारतात. पण बिबट्याच्या पाठीवरचे कोणते केस काढायचे आणि कोणते सोडायचे, हे ठरवता ठरवताच मला अमूर्त चित्र कळायला लागलं. दोन्हीकडे काम एकच आहे: काय ठेवायचं ते निवडणं. हे मला सुरुवातीलाच कोणी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाचली असती. म्हणून हा लेख.

१. आधी बघायला जा, आणि भरती-ओहोटी पाहून जा

फोटोवरून सुरुवात करू नका. आठवडाभर तरी जिवंत प्राणी बघा. त्यासाठी जंगलात जायची गरज नाही. चेंदणी कोळीवाड्यात किंवा आमच्या दिवा कोळीवाड्यात मासळीच्या वेळी मांजरं जमतात. ती एका जागी बराच वेळ बसतात आणि तुमच्याकडे दुर्लक्ष करतात. नवशिक्याला यापेक्षा चांगलं मॉडेल मिळणार नाही. खिशातल्या छोट्या वहीत दोन-दोन मिनिटांची रेखाटनं करा. चित्र पूर्ण व्हायलाच हवं असं नाही. मांजर उठून गेली की पान उलटा.

खाडीतले ते गुलाबी ठिपके, म्हणजे रोहित पक्षी (फ्लेमिंगो), बघायचे असतील तर वेळापत्रक घड्याळाचं नाही, समुद्राचं. ओहोटीला ते खाडीतल्या चिखलावर चरतात. भरतीचं पाणी चढलं की त्यातले बरेच सीवूड्स-नेरूळकडच्या पाणथळींवर येऊन विसावतात. मी पहिल्या वर्षी रविवारी सकाळी सोयीची वेळ म्हणून जायचे आणि रिकामं पाणी बघून परत यायचे. आता आदल्या रात्री भरतीची वेळ बघते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून नौकाफेरी घेता येते. तिच्याही वेळा भरतीवरच ठरतात, म्हणून आधी चौकशी करून जा. ही खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. पक्ष्यांचा थवा उडताना चांगला दिसतो म्हणून टाळ्या वाजवून उडवणारी माणसं मी पाहिली आहेत. कृपा करून तसं करू नका. त्यांचं चरणं मोडतं, आणि तुम्हालाही उडालेल्या थव्यापेक्षा चरणारा पक्षीच जास्त शिकवतो.

२. साहित्य: थोडं घ्या, पण कागद चांगला घ्या

सुरुवातीला एवढं पुरे:

- ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, जलरंगाचा कागद. बारीक कामासाठी गुळगुळीत, म्हणजे हॉट प्रेस. खरबरीत कागदावर मिशी तुटक येते. कागद ॲसिड-फ्री आहे ना, ते बघून घ्या, नाहीतर काही वर्षांत पिवळा पडतो.
- पेन्सिली: एचबी, २बी, ४बी. याहून जास्त लागत नाहीत.
- कलाकारांच्या दर्जाचे जलरंग, सात-आठ ट्यूब. मोठा स्वस्त संच घेऊ नका.
- २४ रंगीत पेन्सिली आणि चांगला शार्पनर.
- सिंथेटिक ब्रश: ८ नंबर, २ नंबर आणि ० नंबर.
- पांढरा गुआश (खालचं झाकणारा, अपारदर्शक जलरंग), मळून आकार देता येणारा खोडरबर, ट्रेसिंग पेपर.
- रिफिल संपलेलं एक बॉलपेन. त्याचा उपयोग पुढे सांगते.

ब्रशबद्दल एक गोष्ट पोटतिडकीनं सांगते. 'ओरिजिनल केसांचा, टोक मोडत नाही' असं सांगून कोणी तपकिरी-करडे पट्टे असलेल्या केसांचा ब्रश दाखवला तर तो मुंगसाच्या केसांचा असू शकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुंगसाच्या शिकारीला आणि त्याच्या केसांच्या व्यापाराला बंदी आहे. एका ब्रशमागे मारलेलं मुंगूस असतं. प्राण्यांची चित्रं काढणाऱ्यानं तरी तो हातात धरू नये. सिंथेटिक ब्रश आता इतके चांगले मिळतात की फरक जाणवत नाही.

३. संदर्भाचा फोटो कुणाचा आहे ते आधी विचारा

इंटरनेटवरून उचललेल्या फोटोवरून सराव करणं वेगळं, आणि ते चित्र विकणं किंवा प्रदर्शनात मांडणं वेगळं. फोटोवर छायाचित्रकाराचा हक्क असतो. १९५७ चा कॉपीराइट कायदा त्याला लागू होतो. मी तीन मार्ग वापरते: स्वतःचे फोटो, मुक्त परवान्याचे फोटो (परवान्याच्या अटी वाचून), आणि छायाचित्रकाराला निरोप पाठवून घेतलेली लेखी परवानगी. बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात. तो निरोप जपून ठेवा.

एआयनं बनवलेली प्राण्यांची चित्रं संदर्भाला घेऊ नका. ती बघायला सुरेख असतात, पण पंजात एखादं बोट जास्त असतं किंवा बिबट्याच्या अंगावर जॅग्वारचे ठिपके असतात. चूक तुम्हाला कळणार नाही, कारण तुम्ही अजून शिकत आहात. बघणाऱ्याला मात्र कळेल.

४. रेखाटन: इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया

फोटोवर आणि कागदावर चौकटी आखून रेखाटन करायला काहीच कमीपणा नाही. २ सेंटिमीटरच्या चौकटी पुरतात. पण कागदावर आखायला कडक २एच पेन्सिल घेऊ नका. तिचा दाब कागदात चर पाडतो, आणि रंगीत पेन्सिल फिरवली की त्या चरांच्या पांढऱ्या रेषा वर येतात. माझी पहिली दोन मांजरं अशीच पिंजऱ्यात बसल्यासारखी झाली. एचबी घ्या, हात हलका ठेवा. त्याहून बरं म्हणजे वेगळ्या कागदावर रेखाटन करून ट्रेसिंगनं उतरवा.

शरीराच्या ठेवणीत नवशिके जिथे हमखास चुकतात त्या जागा:

रोहितचा 'गुडघा' मागे वाकतो असं वाटतं. तो गुडघा नव्हे, घोटा आहे. खरा गुडघा वर पोटाच्या पिसांत लपलेला असतो. हे एकदा लक्षात आलं की पाय काठीसारखे न दिसता अंगाला जोडलेले दिसतात. चरताना तो डोकं उलटं धरतो, त्यामुळे चोचीचा वरचा भाग खाली येतो. लहान रोहित आणि मोठा रोहित यांची गल्लत तर सर्रास होते. लहान रोहितची चोच गडद, जवळजवळ काळपट लाल असते. मोठ्याची चोच फिकी गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असते, डोळाही फिकट पिवळा असतो. पिल्लं आणि तरुण पक्षी करडे-तपकिरी असतात. गुलाबी रंग खाण्यातल्या कॅरोटिनॉइडमुळे हळूहळू चढत जातो, त्यामुळे एकाच थव्यात दहा छटा सापडतात. सगळे पक्षी एकाच गुलाबीत रंगवलेलं चित्र लगेच खोटं वाटतं.

बिबट्याच्या डोळ्यातली बाहुली गोल असते, आपल्या घरच्या मांजरीसारखी उभी चीर नसते. त्याच्या कुशीवरचे ठिपके फुलासारखे, मधे मोकळे असतात. त्या मोकळ्या जागेत पुन्हा बारीक ठिपका काढलात तर तो जॅग्वार झाला. चेहऱ्यावर आणि पायांवर मात्र भरीव ठिपके. अंग जिथे वळतं तिथे ठिपके चपटे आणि एकमेकांच्या जवळ येतात. हे साधलं नाही तर बिबट्या गोल न दिसता त्याच्यावर छापील कापड पांघरल्यासारखा दिसतो.

५. डोळा, दिशा, मग केस

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवते, आणि तुम्हीही घालवा.

डोळ्यापासून सुरुवात करा. डोळा जमला नाही तर बाकीचं साठ तास काम करण्यात अर्थ नाही, आणि ते तिसऱ्या तासालाच कळलेलं बरं. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पडते, ती बहुतेक जण विसरतात. बुबुळाचा वरचा भाग गडद, खालचा उजळ. चमक एकच ठेवा, आणि तिच्यासाठी कागद कोराच सोडा. नंतर पांढरा लावून आणलेली चमक खडूसारखी दिसते.

मग ट्रेसिंग पेपर चित्रावर ठेवा आणि केसांच्या दिशेचे बाण काढा. नाकावरून कपाळाकडे, गालावरून मागे, छातीवर खाली, खांद्यापाशी भोवऱ्यासारखे. हा नकाशा शेजारी लावून ठेवा. रात्री अकरा वाजता, हात थकलेला असताना, तोच तुम्हाला वाचवतो.

क्रम असा: पहिला पातळ जलरंगाचा हात, सगळ्यांत फिकट छटेचा. तो पूर्ण वाळू द्या. मग मध्यम छटा, मोठ्या ब्रशनं, छायाप्रकाशाचे गट पाडत. या टप्प्यावर एकही केस काढायचा नाही. डोळे बारीक करून बघा, प्राणी गोल दिसतोय का? दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. केस कितीही काढले तरी सपाट प्राणी गोल होत नाही. त्यानंतर रंगीत पेन्सिली, फिकट रंगाकडून गडदाकडे, टोक सतत धारदार ठेवून. केस मुळाशी दाबून टोकाशी सोडायचा. म्हणजे रेघ आपोआप निमुळती होते.

आता ते रिफिल संपलेलं बॉलपेन. मिशा आणि कानातले पांढरे केस जिथे हवेत तिथे रंगीत पेन्सिल फिरवण्याआधीच त्यानं कागदात हलका चर पाडा. वरून पेन्सिल फिरवली की चर कोरा राहतो आणि मिशी आपसूक उमटते. चौकटी आखताना जो चर नको होता, तोच इथे कामाला येतो. मात्र यावर ओला रंग लावायचा नाही, तो चरात साचून मिशी उलट गडद होते. जलरंगाच्या भागात मिशी शेवटी पांढऱ्या गुआशनं, ० नंबरच्या ब्रशनं, एका झटक्यात काढा. दोनदा गिरवलेली मिशी तारेसारखी दिसते.

आणि सगळीकडे केस काढू नका. उजेड सावलीला भेटतो त्या पट्ट्यात केस सर्वाधिक दिसतात. भर उन्हात ते विरतात, गडद सावलीत बुडतात. येऊरच्या जंगलातल्या बिबट्यावर मी पहिलं मोठं चित्र केलं तेव्हा अंगभर केस काढले, ६२ तास लागले, आणि तो भुसा भरून ठेवल्यासारखा दिसला. दुसऱ्या वेळी फक्त मान, गाल आणि पाठीची कड एवढ्याच जागी केस काढले. वेळ निम्म्याहून कमी लागला, आणि माझ्या मुलीनं बघितल्या बघितल्या विचारलं, 'हा मागे वळून बघतोय का?' त्या दिवशी मला तपशील म्हणजे काय ते कळलं.

६. गुलाबी रंगाचा सापळा

रोहित रंगवणारा प्रत्येक जण दुकानात त्या झळाळत्या, जवळजवळ चमकणाऱ्या गुलाबी ट्यूबकडे ओढला जातो. अशा रंगांत फ्लोरोसंट द्रव्य असतं आणि ते उन्हात उडतं. माझं पहिलं रोहितचं चित्र मी त्याच पश्चिमेच्या खिडकीसमोर लावलं होतं. दीड वर्षात पक्षी फिकट जांभळट झाले. आता ट्यूब घेताना मागचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचते. पीव्ही १९ असं लिहिलेला गुलाबी टिकाऊ असतो. ट्यूबवर प्रकाशात टिकण्याची श्रेणीही दिलेली असते, पहिली किंवा दुसरी श्रेणी असेल तरच घ्या. आणि कोणतंही मूळ चित्र थेट उन्हासमोर टांगू नका, रंग कितीही चांगला असो.

७. पावसाळा

आपल्याकडे जून ते सप्टेंबर कागद हवेतलं पाणी पितो. तो फुगतो, रंग वाळत नाही, बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. कागद हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. फ्रेम बाहेरच्या भिंतीवर लावू नका, तिच्यात ओल उतरते. मी पावसाळ्यात मोठी जलरंगाची चित्रं घेतच नाही, टॅब्लेटकडे वळते.

८. डिजिटल अमूर्त चित्र: सुरुवात कुठून करायची

साधनं थोडी लागतात. संगणक असेल तर साधा ड्रॉइंग टॅब्लेट आणि क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर. आयपॅड असेल तर प्रोक्रिएट. महागडं यंत्र घेऊन सुरुवात करू नका. पहिलं वर्ष मी छोट्या, स्क्रीन नसलेल्या टॅब्लेटवर काढलं. हात इकडे आणि नजर तिकडे, ही सवय व्हायला दोन आठवडे लागतात, मग जड जात नाही.

कॅनव्हास पहिल्याच दिवशी मोठा घ्या. ए३ छापायचं असेल तर ३०० डीपीआयला (एका इंचात ३०० ठिपके) ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल. छोट्या कॅनव्हासवरचं चित्र नंतर ताणून मोठं केलं की पोत धुरकट होतो.

आता खरी अडचण: समोर कोरा पडदा आणि काढायला 'काहीच' नाही. नवशिका इथे तयार ब्रश घासायला लागतो, चमचमतं काहीतरी तयार होतं आणि दुसऱ्या दिवशी ते कुणाचंही वाटतं. मी असं करते.

नुकत्याच पूर्ण केलेल्या प्राणीचित्रातून पाच रंग उचलते. पाचच. बिबट्याचा मातकट पिवळा, ठिपक्यांचा तपकिरी-काळा, पोटाचा दुधी, डोळ्यातला हिरवट आणि सावलीतला निळसर करडा. मग आधी सगळं करड्या छटांत मांडते: गडद, मध्यम, उजळ, तीनच पातळ्या, मोठे आकार. चित्र नखाएवढं लहान करून बघते. नखाएवढं असतानाही ते तोललेलं वाटलं तरच रंग भरते. त्यानंतर पोत. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात पाण्याच्या वाटा झाडाच्या फांद्यांसारख्या फुटलेल्या असतात, खेकड्यांची भोकं असतात, तिवरांची श्वासमुळं वर आलेली असतात. त्यांचे फोटो मी स्वतः काढते, ते वेगळ्या लेअरवर, म्हणजे चित्रावरच्या वेगळ्या थरावर, ठेवून ब्लेंड मोड (थर खालच्या चित्रात मिसळण्याची पद्धत) मल्टिप्लाय किंवा ओव्हरले करते, आणि मग त्यातलं ऐंशी टक्के पुसून टाकते. उरतं ते चिखलासारखं दिसत नाही, पण चिखलाची चाल त्यात असते.

हे पुसणं मला अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्याकडे बघून सुचलं. १९२४ ते २००१ हा त्यांचा काळ, शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. रोलरनं आणि सुरीनं रंग चढवायचे, काढायचे, आणि वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. त्यांचं मूळ चित्र कुठे बघायला मिळालं तर सोडू नका. फोटोत ते निम्मंही कळत नाही. तोवर एखाद्या शनिवारी काळा घोड्याला जहांगीर कलादालनात जा आणि जे अमूर्त चित्र लागलं असेल त्याच्यासमोर दहा मिनिटं उभे राहा.

डिजिटलमधले तीन धोके. एक, कंट्रोल झेड. प्रत्येक रेघ मागे घेत बसलात तर हात भित्रा होतो. मी आठवड्यातला एक दिवस मागे घ्यायचंच नाही असा ठेवते. दोन, लेअरांचा ढीग. दहाच्या वर गेले की मला कुठला कशासाठी ते आठवत नाही, म्हणून दर टप्प्याला फाइलची प्रत ठेवून लेअर एकत्र करते. तीन, कुठे थांबायचं. चित्र आडवं उलटवून बघा, एक रात्र जाऊ द्या. सकाळी हात लावावासा वाटला तो फक्त एकाच जागी असेल, तर तेवढं करून थांबा.

९. छापताना

स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा आणि निळा शाईत तसा येत नाही. स्क्रीन प्रकाशाचे रंग दाखवते, छपाई शाईच्या रंगांवर चालते. क्रितात सॉफ्ट प्रूफिंग आहे, म्हणजे छापल्यावर रंग कसे दिसतील ते स्क्रीनवरच दाखवणारी सोय. छापण्याआधी त्यात बघा. स्क्रीनचा उजेड कमी ठेवून काम करा, नाहीतर प्रिंट नेहमी काळवंडलेली वाटते. पिगमेंट शाई आणि ॲसिड-फ्री कागद मागा. ए३ छापण्याआधी त्याच कागदावर छोटा तुकडा छापून घ्या, त्याचे पैसे द्यायला लागले तरी.

फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, ती दाबून लहान केली जाते आणि तपशील जातो. मी एकदा तशी पाठवली आणि ए३ च्या वीस प्रिंट धूसर आल्या. टिफ किंवा पीएनजी फाइल पेन ड्राइव्हवर न्या किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

१०. प्रगती मोजायची कशी

रोज आरशात बघून उंची वाढलेली कळत नाही. म्हणून नोंद ठेवा. प्रत्येक चित्राचे चार टप्प्यांवर फोटो: रेखाटन, पहिला रंग, अर्धं काम, पूर्ण. तीच खिडकी, तीच सकाळची वेळ, फोन कागदाला समांतर. मागे पेन्सिलीनं तारीख, लागलेले तास, वापरलेले रंग, आणि एक ओळ: काय अडलं. दर सहा महिन्यांनी तोच विषय पुन्हा काढा. माझ्याकडे कोळीवाड्यातल्या एकाच पांढऱ्या-काळ्या बोक्याची सात चित्रं आहेत. २०२० चं आणि गेल्या वर्षीचं शेजारी ठेवलं की कुणाच्या शाबासकीची गरज लागत नाही. पहिल्यात केस जास्त आहेत. शेवटच्यात बोका आहे.

११. मांडायची वेळ आली की

गटप्रदर्शनापासून सुरुवात करा. ठाण्यात कापूरबावडीचं कलाभवन आहे. जहांगीरसाठी अर्ज केला तर नंबर लागायला काही वर्षं जातात, म्हणून तो लवकर करून ठेवा. जवळ तयार ठेवायची कागदपत्रं:

- आठ-दहा चित्रांचे स्वच्छ फोटो, प्रत्येकाखाली नाव, माध्यम, आकार, वर्ष
- एका पानाचा परिचय आणि चित्रांविषयी पाच-सहा ओळी
- ओळखपत्र, पॅन कार्ड, बँकेचा तपशील
- संदर्भफोटोच्या लेखी परवानग्या
- डिजिटल चित्रांसाठी प्रिंटची संख्या किती ठेवणार त्याची नोंद. 'पंचविसातली तिसरी प्रिंट' असं म्हटलं तर सव्विसावी कधी छापायची नाही

परिचयात 'लहानपणापासून आवड' लिहू नका, ते सगळेच लिहितात. तुम्ही कुठे उभं राहून काय बघितलं ते लिहा. माझ्या परिचयाची पहिली ओळ खाडीच्या ओहोटीची आहे, आणि प्रदर्शनात येणारे लोक माझ्याशी त्यावरूनच बोलायला सुरुवात करतात.